दोन दोर आणि एक आसूड

फार पूर्वी सह्याद्रीच्या माथ्यावरील एका नगरात सुकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सार्थवाहाच्या कुळात जन्मला. सार्थवाह म्हणजे मालाच्या गाड्यांचा तांडा दूरदूर नेणारा नायक. मुलाचे नाव वसुदत्त ठेवले. ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारातील एका स्थविराला, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूला सांगितली. त्या स्थविराच्या ओरडण्याला घाबरून एक कोवळा शिष्य आपले पात्र आणि चीवर गुंडाळून, घरी परत जायचे म्हणून दाराशी जाऊन बसला होता. त्याचे पुढे काय झाले ते शेवटी येईलच.

त्या नगरातून समुद्राकाठच्या बंदराला जायचे तर उभा घाट उतरावा लागे. भरलेली गाडी बैलांच्या जिवावर तिथून उतरत नसे. म्हणून बैल सोडून घेत, गाडीच्या मागच्या बाजूला दोन दोर बांधत आणि घाटमाथ्यावरच्या दोन दगडी खांबांना त्यांचे वेढे देऊन दोन माणसांच्या हाती देत. खांबांच्या मध्ये सार्थवाह आसूड घेऊन उभा राही. आसूड खडकावर वाजला की दोघांनी हातभर दोर सोडायचा. पुन्हा वाजला की पुन्हा हातभर. वाडवडिलांपासून हीच रीत होती. दोन्ही दोर सारखे सुटले तर गाडी सरळ उतरे. एक पुढे गेला की गाडी फिरे, आणि वाटेच्या डाव्या अंगाला दरी होती.

वडिलांच्या मागे वसुदत्त नायक झाला. "बैल असो, गाडीवान असो, नाहीतर माझे काका असोत, माझा आवाज सगळ्यांना एकच," असे तो मोठ्या अभिमानाने सांगे. त्याला तो न्याय वाटे. त्याचे चुलते धनपाल तांड्यात सर्वांत वडील होते. तेही समाधानाने मान डोलावत. वसुदत्ताने त्यांच्यावर कधी आवाज चढवल्याचे मात्र कोणाच्या ऐकिवात नव्हते.

हा न्याय घरी चालेना. त्याला दोन मुले होती, थोरली चंपा आणि धाकटा नंदक. एकदा दोघे शिडी लावून धान्याच्या माळ्यावर चढून बसली. वसुदत्त अंगणातून आला, त्याने वर पाहिले आणि घाटात द्यावी तशी हाक दिली, "उतरा खाली!"

हाक पुरती व्हायच्या आत चंपाने वरूनच उडी टाकली. तिचा गुडघा फुटला आणि ती हसत राहिली. नंदकने शिडीच्या पायरीवर एक पाय टाकला होता, तो तिथेच थिजला. वसुदत्त जितका ओरडे तितकी त्या पोराची बोटे शिडीला घट्ट आवळत गेली. शेवटी ती पांढरीफटक पडली. आता याला ओढूनच काढावे, या विचाराने वसुदत्त पुढे झाला, तेवढ्यात त्याची बायको रोहिणी चुलीपाशी हातातले टाकून आली.

ती शिडीशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "नंदक, आता कुठला पाय येणार रे?"

पोराने खाली आपल्या पायांकडे पाहिले. जरा विचार केला. "डावा," तो म्हणाला आणि त्याने डावा पाय टाकला. मग उजवा टाकला. असे करत तो जमिनीला लागला. तोवर चंपा पुन्हा शिडी चढू लागली होती. रोहिणीने वळूनही न पाहता एकच शब्द टाकला, "चंपे!" आणि चंपा होती तिथे उभी राहिली.

वसुदत्ताला हे रुचले नाही. "एकाशी गोडीगुलाबी आणि दुसरीला दरडावणी, हा कुठला न्याय?"

"अहो, नंदकला दुधात साय चालत नाही आणि चंपा सायीवाचून दूध पीत नाही," रोहिणी म्हणाली. "मी रोज दोन वाट्या वेगळ्या भरते. तेव्हा नाही कधी न्याय विचारलात?"

त्या दिवसापासून वसुदत्त घरी आवाज बदलायला शिकू लागला, आणि सुरुवातीला चांगलाच फसला. चंपाशी मवाळ बोलला की ती खुशाल आपल्याला हवे ते करी. नंदकला प्रश्न विचारता विचारता त्याचाच धीर सुटे आणि प्रश्नाची हाक होऊन बसे. हळूहळू जमत गेले. पण ते फक्त घरापुरते. तांडा म्हणजे तांडा, तिथे पोरे नाहीत, बाप्ये आहेत, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

पुढे एका खेपेला घाटमाथ्यावर माल चढवताना लाकडाचा ओंडका घसरला आणि शरभ नावाच्या माणसाची मांडी मोडली. शरभ डावा दोर धरणारा होता. हाड बसवणारा वैद्य घाटाखालच्या गावात होता. खांद्यावर न्यावे तर पायवाटेच्या पायऱ्यांचे हिसके त्याला सोसेनात. तेव्हा त्याला गवताच्या बिछान्यावर गाडीत निजवले आणि गाडी उतरवायला घेतली. उजवा दोर नेहमीप्रमाणे दर्भकाकडे होता. दर्भक अंगाने दांडगा आणि मोठा घायकुता. डावा दोर शरभाच्या धाकट्या भावाने, कुवलाने घेतला. कुवलाच्या मुठीतून आजवर कधी काही निसटले नव्हते. पण भाऊ गाडीत आणि दोर आपल्या हातात, हे काही त्याच्या मनातून जात नव्हते.

आसूड वाजला. दर्भकाने हातभर सोडायचा तो दोन हात सोडला. कुवल दचकला आणि त्याने दोर आवळून धरला. गाडीची उजवी बाजू खाली गेली, डावी वर राहिली, आणि गाडीचे तोंड दरीकडे वळले. आत शरभ कळवळून ओरडला.

वसुदत्ताने आसूड आणखी जोरात वाजवला. रीतच ती होती. दर्भकाने आणखी सोडला, कुवलाने आणखी आवळला. पुढचे डावे चाक दरीच्या काठाला लागले आणि तिथले दगड खाली घरंगळू लागले.

"त्या भेकडाच्या पाठीत घाल!" धनपाल ओरडले. "त्याशिवाय हलायचा नाही तो!"

वसुदत्ताने आसूड उचलला. आणि त्याची नजर कुवलाच्या बोटांवर गेली. ती पांढरीफटक पडली होती. अशी बोटे त्याने आपल्या घरी शिडीवर पाहिली होती. हाही कोणाचा तरी नंदकच आहे, आणि मी त्याला मारायला हात उचलला आहे, असे त्याला वाटले.

त्याने आसूड खाली टाकला. "दर्भका!" तो गरजला. "थांब!" दर्भक खांबासारखा थांबला. मग वसुदत्त कुवलाच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, "कुवला, आता कुठला हात येणार?"

कुवलाने आपल्या हातांकडे पाहिले. ओठ हलले, शब्द मागून आला. "डावा, नायक."

"मग येऊ दे."

दोर हातभर सुटला. "आता?" "उजवा." "येऊ दे." गाडीचे तोंड हळूहळू सरळ झाले. पुढे सगळा उतार हेच चालले. उजवीकडे खणखणीत "सोड" आणि "थांब", डावीकडे कुजबुजत विचारलेला प्रश्न. गाडी तळाला टेकली तेव्हा कुवल खांबाला टेकून बसला आणि हमसून हमसून रडला. कोणी त्याला हसले नाही.

"आसूड खाली टाकलास," धनपाल म्हणाले. "उद्यापासून तुझे कोण ऐकणार?"

"दोघांनीही ऐकले, काका," वसुदत्त म्हणाला. "आसूड वाजत होता तेव्हा एकानेही ऐकले नव्हते."

दर्भक मात्र फुगून बसला होता. "त्याच्याशी गोड बोललात आणि माझ्यावर खेकसलात."

"तुझ्याशी गोड बोललो असतो तर थांबला असतास?"

दर्भकाने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतो थांबलो," तो म्हणाला आणि स्वतःच हसू लागला.

शरभाची मांडी वैद्याने बसवली. तो पुढे थोडा लंगडत चाले, पण चाले. वसुदत्ताने आसूड काही फेकून दिला नाही, कारण तांड्यात एक गाडीवान असा होता की आसूड वाजल्यावाचून त्याची सकाळच होत नसे. पण प्रत्येक नव्या माणसाला काम देण्याआधी तो एक दिवस त्याच्याबरोबर नुसता चाले. जन्मभर त्याने ही सवय मोडली नाही.

एवढे सांगून शास्ते त्या स्थविराला म्हणाले, "तेव्हाचा सार्थवाह मी होतो. आज दाराशी बसलेला तुझा शिष्य गाडीतला शरभ होता. तुझा दुसरा शिष्य, जो तू कितीही ओरडलास तरी हसत राहतो, तो दर्भक होता. आणि डाव्या दोराशी ज्याची बोटे पांढरी पडली होती तो कुवल, स्थविरा, तू होतास."

स्थविर उठून दाराशी गेला. ओरडण्याच्या भीतीने ज्याला पाठ केलेली गाथा आठवेनाशी झाली होती, त्या शिष्याच्या शेजारी तो जमिनीवर बसला आणि हळू आवाजात त्याने विचारले, "आता पहिला शब्द कुठला येणार?"

शिष्याने तो शब्द सांगितला. मग त्यापुढचा सांगितला. सबंध गाथा आत बसलेल्या भिक्षूंना ऐकू आली.

शास्ते त्यांना म्हणाले, "समोरचा माणूस ओळखून त्याला पेलेल असा हात देणे, याला उपायकौशल्य म्हणतात. बोधिसत्त्व ते मुलांच्या शिडीपाशी शिकला."