हुकमाची टाच

राजा प्रचंडसेनाची उजवी टाच दुखत होती. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला, की पहिल्याच पावलाला तो असा ओरडायचा, की हत्तीशाळेतले हत्ती दचकायचे. दरबारातले सरदार सभ्यपणानं लंगडत चालायचे. राजा लंगडतो आणि आपण सरळ चालतो, हे बरं दिसत नाही ना!

उपचार तीन चालले होते, तिन्ही एकदम. राजवैद्य त्र्यंबकशास्त्री रुईच्या पानांवर गरम वीट ठेवून टाच शेकायचे. तालमीतला उस्ताद रंगोबा पोटरी ताणायला लावायचा. त्यासाठी महाराजांना रोज दोन्ही हातांनी भिंत ढकलावी लागे. आणि वाड्यात कामाला असलेली कोंडाआत्या तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची. भिंत हलली नाही, आणि टाचही बरी झाली नाही!

शेवटी राजा भडकला.

"खरा उपचार एकच असणार! कोणाचा, ते मला कळलंच पाहिजे. बाकीचे दोघे राज्याबाहेर! आणि ठरवता आलं नाही, तर तिघेही बाहेर!"

असं म्हणून त्यानं सिंहासनापुढच्या दगडी पायरीवर उजवी टाच ठाणकन आपटली. त्या राज्याची रीतच तशी होती. राजानं टाच आपटली की हुकूम पक्का, नाहीतर ती नुसती बडबड.

"आई गं!" राजा कळवळला. पण हुकूम पक्का झाला होता.

एकाच टाचेवर तीन उपचार, मग गुण कोणाचा हे कळणार कसं? शास्त्री रंगोबाकडे बघेनात, रंगोबा शास्त्रींकडे बघेना. कोंडाआत्या वाटी पदरात लपवून उभी होती. तिची भाची गोजरी तिथंच कोपऱ्यात फरशी पुसत होती. आईवेगळ्या गोजरीला आत्यानंच वाढवलं होतं. आत्या राज्याबाहेर गेली, तर गोजरीचं घरच गेलं!

गोजरी फडकं हातात घेऊनच पुढे आली.

"महाराज, मी ठरवून देते. पण पाळीपाळीनं करायचं. एकेकाला एकेक पंधरवडा."

"गोजरे, गप्प बस!" आत्या पुटपुटली.

"बोल गं पोरी," राजा म्हणाला. "अजून काय हवं?"

"परीक्षेला बसलेल्या पोराला कोणी पाणी भरायला पाठवतं का? तुमची उजवी टाच परीक्षेला बसलीय. तिला दुसरं काम सांगायचं नाही."

"मग मी हुकूम कशानं देऊ? नाकानं?"

"डावी टाच रिकामीच आहे, महाराज!"

राजानं प्रधानांकडे पाहिलं. प्रधान म्हणाले, "चालेल, महाराज. आपले आजोबा डावरे होते. ते डावीच आपटत."

"ठरलं!" राजानं डावी टाच ठाणकन आपटली. काही दुखलं नाही. त्याला इतकी गंमत वाटली, की त्यानं उगाचच आणखी चार हुकूम सोडले.

पहिला पंधरवडा विटेचा. दुखणं थोडं कमी झालं. शास्त्रींनी मिशीला तूप लावलं. दुसरा भिंतीचा. दुखणं आणखी उतरलं. रंगोबा छाती काढून फिरू लागला. तिसऱ्यात कोंडाआत्याची वाटी फिरली, आणि राजा सकाळी पलंगावरून उडी मारून उतरला.

उतरला आणि ओरडला! आता डावी टाच दुखत होती.

राजा लंगडत दरबारात आला. सरदार गडबडून पाय बदलू लागले.

"आता सांग! माझी उजवी टाच कोणी बरी केली?"

"पाया माझ्या विटेनं घातला," शास्त्री म्हणाले.

"भिंत तर माझीच होती!" रंगोबा म्हणाला.

"आणि शेवटी बरं कोणाच्या हाताखाली वाटलं?" कोंडाआत्याही मागे राहिली नाही.

गोजरी म्हणाली, "तिघांच्याही हातानं थोडा थोडा आराम पडला, महाराज. पण उजवीला बरं केलं ते तुमच्या डावीनं!"

"काय?"

"तिनं उजवीचा मार खाल्ला. आधीही हे तिघे रोज घागरीत पाणी ओतत होते, आणि तुम्ही रोज घागरीला भोक पाडत होता. त्या पायरीकडे बघा. मी रोज पुसते, पाणी तिथंच साचतं. तुम्ही आपटून आपटून दगडाला खळगा पाडलाय! मग टाच काय लोखंडाची आहे?"

राजा लालबुंद झाला.

"माझ्या टाचेला नावं ठेवतेस? हिला आत्ताच्या आत्ता..."

त्यानं डावी टाच उचलली. डावी ठणकली. त्यानं ती हळूच खाली ठेवली आणि उजवी उचलली. उजवीला मागचं सगळं आठवलं. राजा तसाच, एका पायावर, बगळ्यासारखा उभा राहिला. हुकूम काही सुटेना!

"आपटा ना, महाराज," गोजरी म्हणाली. "उजवी आपटलीत, तर पुन्हा वीट, भिंत आणि वाटी. डावी आपटलीत, तर आत्ताच आई गं!"

"अगं, पण मग मी राज्य कसं करू?" राजा एका पायावर डुलत ओरडला.

"नुसतं तोंडानं सांगून बघा. आमची आत्या घरी तसंच सांगते. मोडायची कोणाची टाप नाही!"

कोंडाआत्यानं पदरानं तोंड झाकलं. राजा तिच्याकडे बघत राहिला, आणि एकदम असा हसत सुटला, की तोल जाऊन सिंहासनातच बसला.

"तिघेही राज्यातच राहतील," तो हसता हसता म्हणाला. टाच आपटली नाही, तरी प्रधानांनी मान लववली! राजाला त्याचंच नवल वाटलं. त्यानं गळ्यातला सोन्याचा कंठा काढून गोजरीच्या हातात ठेवला. "आणखी काय हवं ते माग, पोरी."

"तेवढी पायरी बदला, महाराज. त्या खळग्यातलं पाणी पुसून पुसून माझी कंबर गेली!"

"कंबर दुखते?" शास्त्री, रंगोबा आणि कोंडाआत्या एकदम पुढे सरसावले.

"आधी पायरी!" गोजरी ओरडली, आणि राजाचं हसू पुन्हा सुरू झालं.