विहीणबाईंचं मन दुखावतं

कीर्तनकार वामनबुवांना भर दरबारात उभं केलं होतं, आणि गुन्हा काय, तर बुवांनी तोंड उघडलं!

झालं होतं असं. आठवडी बाजारात चार टवाळांनी लखू कुंभाराला बदडून काढलं. लखूनं कुणाचं काही घेतलं नव्हतं की कुणाला काही म्हटलं नव्हतं. त्याच्या कपाळावर आडवं गंध आणि मारणाऱ्यांच्या कपाळावर उभं, एवढंच वैर! राजा भुजंगराव संतापला, आणि संतापला ते बरंच झालं. ‘गंध पाहून जो हात उगारील त्याला दुप्पट शिक्षा,’ अशी त्यानं दवंडी पिटवली. पण प्रधानजींना कुठलं राहवतंय! त्यांनी हुकमाला मागून एक शेपूट जोडलं : ‘आणि ज्याच्या बोलण्यानं कुणाचंही मन दुखावेल, तो हद्दपार!’

वामनबुवा सोवळ्याओवळ्याचे कडक. या हुकमावर त्यांचा पहिल्या दिवसापासून राग. “हाताला बेडी, वर जिभेला कुलूप!” असं ते कीर्तनात गरजत. परवा त्यांनी दारू पिणं हे पाप म्हटलं आणि गुत्तेवाला हुंदके देत दरबारात आला.

“बुवा,” राजा म्हणाला, “उद्या माझ्या मुलीचं लग्न. मला कटकट नको. आत्ता इथंच कीर्तन करा. पापाला पाप म्हणायचं, पण एकाचंही मन दुखवायचं नाही. जमलं तर राहा, नाहीतर दिवस मावळायच्या आत वेस ओलांडा!”

बुवांनी चिपळ्या उचलल्या. साठी उलटलेला माणूस, जाणार कुठं? त्यांनी कसाबसा सूर लावला, “चोरी हे पाप आहे...”

“माझं मन दुखावलं!” कोठीवाले ओरडले. सगळा दरबार त्यांच्याकडे वळून पाहू लागला, तेव्हा ते हळूच खाली बसले.

“बरं, लबाडी हे...”

दोन कारकून एकदम उभे राहिले.

“मग दान करावं, एवढं तरी म्हणू का?”

“हा टोमणा मला होता!” नगरशेट कळवळले.

खांबाआडून ठकू हे सगळं पाहत होती. लग्नाच्या पत्रावळ्या पोचवायला ती आली होती. पत्रावळ्या लावणं हे तिचं पोट, पण नाव होतं ते गाण्याचं. विहिणीच्या पंगतीत विहिणीला चिडवणारी गाणी म्हणावीत तर ठकूनंच! बुवा तिच्या गाण्यांना कीर्तनात चावट म्हणत, त्यामुळे आधी तिला वाटलं, बरी खोड मोडली! मग म्हातारा चिपळ्या उपरण्यात गुंडाळताना दिसला आणि तिला वाईट वाटलं. आणि आज बुवांची जीभ गेली, तर उद्या आपली राहते होय?

ती पुढं झाली. “म्हाराज, बुवांचं मागनं बघा. आधी माझं ऐका. उद्या विहीणबाईंच्या पंगतीला मी गाणार न्हाई.”

“का गं?”

“तुमचाच हुकूम हाय की! विहिणीला चिडवलं, तर तिचं मन दुखणार.”

चिकाच्या पडद्याआड बांगड्या खणखणल्या. नवऱ्या मुलाची आई आतच बसली होती.

“काय? माझ्या पंगतीला गाणं नाही? अहो व्याही, नावं ठेवायच्यासुद्धा लायकीचे नाही का आम्ही? चार बायकांत तोंड कसं दाखवू? उठा रे, गाड्या जुंपा, वऱ्हाड परत फिरवा!”

राजाची बोबडी वळली. “म्हण, ठकू, म्हण! आत्ताच म्हण!”

ठकूनं पदर खोचला.

“विहीण आली ठुमकत, शालू नेसून भारी,
ओच्यामधी बांधली गं लाडवांची न्याहारी!
पाया पडाया वाकली, गाठ सुटली बाई,
लाडू पळती पुढं, मागं धावे विहीणबाई!”

पडद्याआडून आवाज आला, “मेली! जिभेला काही हाड!”

“मन दुखावलं का, आईसाहेब?”

“दुखावलं म्हणजे? चांगलंच दुखावलं! पुढचं कडवं म्हण!”

दरबार खदखदला. ठकू प्रधानजींकडे वळली. “गायले तरी दुखलं, न्हाई गायले तरी दुखलं. गायले म्हणून मला हद्दपार करा. पर गाऊ नको हा हुकूम कुणी काढला? त्यांनीबी गाठोडं बांधावं!”

प्रधानजी उगाच पगडी सावरू लागले.

“शाब्बास!” बुवांना जोर चढला. “महाराज, फाडून टाका तो हुकूम. सगळाच!”

“बुवा, दमानं! सगळा कशापायी? लखूचा हात अजून झोळीत हाय. त्याला मारणारी पोरं तुमच्याच कीर्तनाला पुढं बसत्यात.”

बुवांची मान खाली गेली. “मारा असं मी कधी म्हटलं नाही गं.”

“न्हाई म्हटलं, म्हणून तर तुमच्यासाठी भांडतेय!”

“अगं, मग ठेवू काय आणि काढू काय?” राजा वैतागला.

ठकू पडद्याजवळ गेली. “आईसाहेब, मी गायले ते गायले. पर गाता गाता तुमची वेणी ओढली असती तर? न्हाईतर दुसरीला म्हटलं असतं, ओढ गं हिची वेणी?”

“दोघींना मांडवातून हाकलून दिलं असतं!”

“ऐकलंत, म्हाराज? गाण्याला गाण्यानं उत्तर द्यायचं, ते वऱ्हाडाचं काम. कुणी हात उगारला, न्हाईतर ‘मार’ म्हटलं, तर त्याला धरायचं, ते यजमानाचं काम. तुम्ही राज्याचं यजमान. तुम्ही हात धरा, आमच्या गाण्यात कशाला पडता?”

राजा पोट धरून हसला. त्यानं हुकमाचं शेपूट जागच्या जागी कापलं. लखूच्या मारहाणीवरून काढलेला हुकूम तेवढा ठेवला. बुवा राहिले गावातच, आणि ठकूच्या हातात राजानं पैठणी ठेवली.

“अगं बाई, हे काय काठ?” पडद्याआडून आवाज आला. “बोटभर तरी रुंद आहेत का? व्याही, राज्य करता की बचत?”

प्रधानजींनी डोळेच मिटले. राजानं पैठणीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. “मन दुखावलं बरं का, विहीणबाई!” म्हणाला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं पैठणीवर ठेवलं. “ठकू, उद्या पंगतीला एक कडवं जास्त गा. ते माझ्याकडून!”