फौजदारसाहेब आणि खिंडीचा चढ

आमच्या जीपवाल्यांच्या सहलीचे पुढारी म्हणजे निवृत्त फौजदार घोरपडेसाहेब. त्यांनी ठरवलं, खिंडीतून सरळ वर चढायचं. मागच्या जीपमध्ये म्हातारी माणसं होती. गाडी घसरली तर खाली दरीच. पण साहेबांना सांगणार कोण?

मागची जीप चालवणाऱ्या मृदुलाने मोबाईलवरचा नकाशा त्यांच्यापुढे धरला. "साहेब, इथे उंचीच्या रेघा दाट आहेत, म्हणजे चढ उभा आहे. वळसा घेऊ या."

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रेघांना घाबरतेस, पोरी?"

"तुमच्या कपाळावर अशा दाट रेघा दिसल्या, की आम्ही सगळेच वळसा घालतो, साहेब. इथे तर अख्खा डोंगर चिडलाय!"

साहेबच खो खो हसले.

"चल, तुझी जीप पुढे घे. आम्ही मागून येतो."