शाळेपुढचा बंदोबस्त

आमच्या शाळेसमोरचा रस्ता मुलं जीव मुठीत धरून ओलांडायची. शाळा सुटताना गाड्या थांबवायला एक पोलीस द्या, म्हणून आम्ही आया चौकीत खेटे घालून दमलो. इन्स्पेक्टर रणपिसे दरवेळी म्हणायचे, "एकसुद्धा माणूस शिल्लक नाही, बाई!"

शेवटी आम्ही रस्त्यातच बसलो. मी सगळ्यांत मागे, मांडीवर धाकटी. अटक झाली तर हिला दूध कोण देणार, याच विचारात.

तेवढ्यात व्हॅन भरून पोलीस आले. दोन्हीकडे बॅरिकेड लागले, गाड्या जागच्या जागी थांबल्या. रणपिसे गरजले, "उठा, नाहीतर सगळ्यांना आत टाकतो!"

इतक्यात शाळा सुटली. पोरं रमतगमत रस्ता ओलांडून आमच्याकडे आली.

"उठलोच, साहेब," आमच्यातली ओवीची आई साडी झटकत म्हणाली. "एक मागितला, तुम्ही गाडीभर दिलेत! आता एक इथे ठेवा, बाकीचे घेऊन जा. नाहीतर आम्ही उद्या पुन्हा बसतो, म्हणजे सगळेच येतील."

रणपिसे एका हवालदाराकडे वळून म्हणाले, "खैरे, तुम्ही थांबा इथे."

"उद्यापण हं, खैरेभाऊ," ओवीची आई म्हणाली, "आणि येताना शिट्टी आणा."