उशिरा आलेली चित्री

पूर्वी शोणपुरात रुचिसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या श्वानशाळेत कुत्र्याच्या जन्माला आला आणि तिथेच म्हातारा झाला. तिथल्या कुत्र्यांना शिकवायचे काम नंदुकाकडे होते. माणूस वाईट नव्हता, पण चित्री नावाच्या तरण्या कुत्रीने त्याचे डोके पार चक्रावून टाकले होते.

हाक मारली की ती रमतगमत यायची. आली की नंदुक उशिराबद्दल तिला काठीचा मार द्यायचा. दुसऱ्या दिवशी ती आणखी उशिरा यायची. पळू लागली की तो घाबरून तिच्यामागे मांसाचे तुकडे फेकायचा. ते खाऊन ती आणखी दूर जायची. "काठीही देतो, मांसही देतो," तो कपाळाला हात लावून म्हणायचा, "हिला पाहिजे तरी काय?" बिचाऱ्याला उलगडाच होत नव्हता.

राजासमोरच्या परीक्षेचा दिवस आला. हाकेला न येणारे कुत्रे रानात सोडायचे अशी राजाची रीत होती, आणि रानात वाघ होते. नंदुकाने हाक मारली. चित्री शेपूट पोटाशी घेऊन अर्ध्यावर थबकली. त्याने सवयीने मांस फेकले. ती ते घेऊन मागे सरली. त्याने काठी उगारली. ती आणखी मागे सरली. पिशवी रिकामी झाली. चित्रीवर त्याचा जीव होता, त्याला रडूच फुटले.

तेव्हा म्हातारा कुत्रा आपल्या वाट्याचा दिवसाचा एकच तुकडा तोंडात धरून आला आणि तो त्याने नंदुकाच्या पायाशी ठेवला.

"बाबा नंदुका, ती पळते तेव्हा तू मेजवानी देतोस आणि येते तेव्हा मार. तू शिकवलेस तेच ती करते आहे."

"मग शिक्षा करूच नको?" नंदुकाने विचारले.

"चुकत असेल तेव्हाच एकदा दटाव. परत येणे ही चूक नव्हे."

नंदुकाला सगळे कळले असे नाही. पण काठी टाकून तो मातीत बसला आणि त्याने हळूच हाक मारली. चित्री आली, पण फार उशिरा आली. रागाने त्याचा हात टाकलेल्या काठीकडे वळला. त्याच हाताने त्याने तिला तो तुकडा भरवला. राजाने मान डोलावली. म्हातारा कुत्रा त्या दिवशी उपाशीच झोपला.

विहारातल्या भिक्खूंना सांगत असलेली ही कथा संपवून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "तेव्हाचा नंदुक म्हणजे आजचे ज्येष्ठ भिक्खू, स्थविर भद्रवर. चित्री म्हणजे विहार सोडून गेलेला आणि आत्ता परतून दाराबाहेर उभा असलेला भिक्खू सोमदत्त. म्हातारा कुत्रा मी होतो."

सोमदत्ताला काय काय सुनवायचे ते मनात जुळवत बसलेले भद्रवर गोंधळून उठले. त्यांनी दार उघडले, पण जुळवलेले काहीच आठवेना.

"आत ये," ते म्हणाले. "जेवलास का?"

याला क्षांती, म्हणजे राग गिळणारी क्षमाशीलता, म्हणतात.