हौसाची गवळण आणि महाराजांची झील

घोडनदीच्या अलीकडच्या तीरावर शिरसवंड नावाचे गाव आहे. गावाबाहेर अर्ध्या कोसावर ओढा ओलांडला की चिंचेचे बन लागते. या बनात श्रीउद्धवगीर महाराज बारा वर्षे राहिले. मठ नाही, गादी नाही. चार मेढींवर टाकलेले छप्पर, एक चूल आणि पाण्याचा रांजण, एवढाच त्यांचा संसार. महाराज उपदेश फारसा करीत नसत. कुणी दुःख घेऊन आले तर आधी त्याला पोटभर जेवू घालावे आणि मग बोलू द्यावे, अशी त्यांची रीत होती. कित्येक जण तर जेवता जेवताच दुःख विसरत.

त्या बनातली ही गोष्ट. सावकाश ऐकावी. मांडीवर लेकरू असेल तर त्यालाही ऐकू द्यावी.

चैत्रात शिरसवंडला भैरवनाथाची जत्रा भरे आणि तात्याबा नाईकांचा तमाशाचा फड बैलगाड्या जुंपून दरसाल तिथे येई. तात्याबांचा आवाज खडा होता. त्यांनी गण उचलला की पार वेशीबाहेरची गुरे कान टवकारत, असे लोक म्हणत, आणि ते तात्याबांना फार आवडे. याच फडात हौसाबाई गवळण गाई. आठव्या वर्षी तिने पायांत चाळ बांधले होते. दुसरे घर तिला ठाऊकच नव्हते. तिचा नवरा मल्हारी फडात ढोलकी वाजवी. हाताने वाघ, पण नाईकांपुढे तोंड उघडायचे म्हटले की त्याची मान खाली जाई.

त्या वर्षी माघात हौसाला मुलगी झाली, तुळसा. बाळंतपण जड गेले. वर ताप आला. पण जत्रांचा हंगाम तोंडावर होता, म्हणून पंचविसाव्या दिवशी पोटाला फडके घट्ट आवळून हौसा गाडीत बसली. आवाज होता तसाच गोड होता हो, पण दम राहिला नव्हता. ओळ अर्ध्यावर आली की बरगडीत कळ उठे आणि सूर हातातून सुटे. अंग हलके राहावे म्हणून ती अर्धी भाकरी खाई. गाडीमागे बसून लेकराला पाजायला घेई, तर ते नीट पिऊ लागायच्या आत नाईकांची हाक येई. झोप म्हणजे काय, तेच ती विसरली होती.

तात्याबांना तिची दया आली नाही. सगळ्या फडादेखत ते म्हणाले, "हौसे, गवळण म्हंतीस का दळाय बसलीस गं? मदीमदी कण्हतीस ते!" सगळे हसले. हौसाही हसली, कारण रडली असती तर ते आणखी हसले असते.

शिरसवंडला पोचल्यावर तात्याबांनी निकाल सांगून टाकला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडाने देवळापुढे हजेरी द्यायची, अशी तिथली चाल होती. साऱ्या गावासमोर, लख्ख उन्हात, देवाकडे तोंड करून गायचे. त्या हजेरीला हौसाने एक गवळण शेवटपर्यंत उभी करावी. झाली तर राहावे. नाही झाली तर लेकराला घेऊन भावाच्या घरी जावे; तिच्या जागी दुसरी पोरगी आणून ठेवली होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. तमाशात गाणारा कधी एकटा गात नाही. ओळ संपत आली की मागे उभे असलेले झीलकरी तिचा शेवटचा सूर उचलतात आणि उंच ताणून धरतात. त्याला झील म्हणतात. मागे झील चालू असते तेवढ्यात पुढे गाणारा श्वास घेतो. फडाचे दोन्ही झीलकरी तात्याबांचे पुतणे होते. हौसाला कुणी झील द्यायची नाही, अशी त्यांना ताकीद मिळाली. "टेकू काढला की कळतंय भिंतीचं," तात्याबा म्हणाले.

पुतण्यांतल्या एकाने हे हळूच मल्हारीच्या कानावर घातले. मल्हारीने हौसाला सांगितले आणि तो ढोलकीवर डोके टेकून बसून राहिला. हौसाने तुळसाला पदरात गुंडाळले आणि भर दुपारी बनाची वाट धरली.

महाराजांचा स्वयंपाक गावातली ठकूमावशी करी. तिने हौसाला पाहिले आणि न विचारता पिठले ढवळायला घेतले. महाराजांनी लेकरू आपल्याकडे घेतले. हौसा जेवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी चुरून खाल्ली. मग सांगायला तोंड उघडले आणि बसल्या जागीच तिचा डोळा लागला. जागी झाली तेव्हा उन्हे कलली होती. चिंचेच्या फांदीला झोळी बांधलेली, झोळीत तुळसा, आणि महाराज दोरी ओढत बसलेले!

हौसा लाजेने चूर झाली. तिने पाय धरले आणि सगळे सांगितले. महाराजांनी ऐकून घेतले आणि विचारले, "दम तुटला की तू काय करतेस, माय?"

"तसंच रेटते, महाराज. थांबले तर लोक हसतील."

"उद्या रेटू नको. तुटला की थांब. पोटभर श्वास घे."

"आणि सूर?"

"सुराचं आम्ही बघू. मागं कोण उभं आहे ते मात्र वळून बघायचं नाही." मग झोळीकडे पाहत महाराज म्हणाले, "सकाळी हिला इथं आणून ठेव. उन्हात कशाला नेतेस?"

दुसऱ्या दिवशी हौसाने पहाटेच तुळसाला पोटभर पाजले, झोळीत निजवले आणि ती देवळापुढे आली. पोटाचे फडके तिने सोडून टाकले होते. सारे गाव जमले होते. बाया ओट्यांवर, म्हातारे पारावर. तात्याबा पागोटे सावरून बाजूला उभे राहिले. पुतण्यांनी ओठ मिटून घेतले. मल्हारीने ढोलकीवर थाप दिली, आणि त्या थापेत त्याचा सगळा जीव होता.

हौसाने गवळण उचलली. पहिली ओळ गेली. दुसरीच्या मध्यावर बरगडीत कळ आली आणि दम तुटला. लोक हसतील या भीतीने तिचे ओठ पुढचा शब्द रेटायला निघालेच होते. पण तिला महाराजांचे बोलणे आठवले आणि ती थांबली.

देवळापुढे एक क्षण नुसती शांतता. तात्याबांच्या मिशीत हसू फुटू लागले.

तेवढ्यात मागून झील आली. उंच, सरळ, जरासुद्धा न थरथरणारी. म्हाताऱ्या गळ्याची होती, पण कशी मऊ! हौसाने डोळे मिटले, पोटभर श्वास घेतला आणि सूर जिथे सोडला होता तिथूनच उचलला. मग ती गातच राहिली. दम तुटे, ती थांबे, झील येई. लोकांना वाटले, केवढा हा ठहराव, केवढी ही आदब! बाया माना डोलावू लागल्या. यशोदेचे कडवे आले तेव्हा हौसाला झोळी आठवली आणि तिचा आवाज असा ओला झाला, की पारावरच्या एका म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले. मल्हारी वाजवता वाजवता चक्क हसत होता.

हसत नव्हते ते तात्याबा. त्यांनी पुतण्यांकडे पाहिले. दोघांचीही तोंडे मिटलेली होती आणि डोळे विस्फारलेले.

गवळण संपली. गावाने देवाच्या नावाचा गजर केला. तो गजर तात्याबांना सोसवेना. ते पुढे आले, हौसाला बाजूला सारले आणि त्यांनी आपल्या ठेवणीतला गण लावला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दोन वर्षे झाली, तात्याबांचाही दम तुटत होता. तूप-मिरी पिऊन झाली, देव-देवस्की झाली. ओळ अर्ध्यावर आली की ते मागे हात हलवत आणि पुतणे चटकन झील घेत; त्यामुळे गावाला काही कळत नसे. आवाज गेला तर आपण कोण, या भीतीने त्यांना धड जेवण जात नव्हते. हौसाचा तुटलेला दम ऐकला की त्यांना स्वतःचाच ऐकू येई. म्हणून तर ते तिच्यावर इतके चिडत.

त्या सकाळीही त्यांनी मागे हात हलवला. पण पुतणे अजून भानावर आले नव्हते! आ वासून ते एकमेकांकडे बघत राहिले. तात्याबांचा सूर भर सभेत कापला गेला. चेहरा पांढरा पडला. आता गाव हसणार, एवढेच त्यांच्या मनात आले.

आणि मागून झील आली. तीच. तितकीच उंच, तितकीच मऊ. हौसाला मिळाली त्याहून तसूभरही कमी नाही.

तात्याबांनी कसाबसा गण पुरा केला. पायांतल्या वहाणा तिथेच राहिल्या. तो गळा त्यांनी ओळखला होता; ते तसेच अनवाणी ओढ्यापलीकडच्या बनाकडे निघाले. त्यांच्यामागे हौसा, मल्हारी आणि निम्मे गाव.

बनात महाराज झोळीची दोरी धरून बसले होते. तात्याबांनी धापा टाकत ठकूमावशीला विचारले, महाराज सकाळपासून कुठे गेले होते?

"कुटं जात्यात?" मावशी भाकरी उलटत म्हणाली. "पोर किरकिर करत व्हती, तिला झोके देत बसल्यात. मदूनच लांब सूर लावायचे. म्या म्हनलं, अंगाई म्हंत्यात. पोर निजली गुडूप. तरी जरा येळानं फिरून लावला. म्या म्हनलं, म्हाराज, ती निजली की, आता कुनासाठी? तर म्हनले, आणखी एक लेकरू रडतंय."

तात्याबा पुढे धावले. पागोटे सुटून मातीत पडले आणि ते महाराजांच्या पायांवर आडवे झाले. दोन वर्षे कुणाला न सांगितलेले ते मोठ्याने रडून सांगू लागले, आणि निम्मे गाव ऐकत होते याचीही त्यांना लाज वाटली नाही. महाराजांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"हळू," महाराज म्हणाले, "पोर उठेल."

सगळे हसले. तात्याबाही हसले, रडत रडत. मग ते उठले आणि वळून हौसापुढे वाकले. ती घाबरून मागे सरली. "तात्या, ह्ये काय? तुम्ही मोठं मानूस," असे म्हणू लागली, पण ते काही केल्या मान वर करीनात.

"हौसे," ते म्हणाले, "मला मागं उभं ऱ्हाऊ दे. मला झील धरू दे."

तेव्हापासून त्या फडात गवळणीच्या वेळी तात्याबा नाईक हातात तुणतुणे घेऊन हौसाच्या मागे उभे राहत. लेकुरवाळीचे पाजणे होईपर्यंत ढोलकीवर थाप पडत नसे, मग गावचे पाटील का ताटकळेनात! आणि हौसाचा दम पुरता भरून आल्यावरही ती मधे एकदा थांबे आणि पोटभर श्वास घेई. कारण मागे तात्याबा त्याचीच वाट पाहत असत.

ज्यांचा दम तुटतो आहे त्या सर्वांच्या पाठीशी श्रीउद्धवगीर महाराज असेच उभे राहोत.