झोपी जाणारी घंटा

"तक्रार बंद झाली ना? मग आता आणखी काय हवं तुम्हाला, बाई?" एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुबाईंवर असा खेकसला. वाद सकाळपासून पेटलेला होता. दारात व्यापारी टेम्पो घेऊन ताटकळत होता आणि शिष्य घंटांची शेवटची पेटी बांधत होता.

रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या त्या घंटा. बटण दाबलं की परिचारिकेला हाक जाते. बॅटरी वाचावी म्हणून घंटा मधूनमधून निजते, म्हणजे आतल्या भागांची वीज काढून घेते. आतल्या यंत्राचा कारभारी म्हणजे कर्नल; बटणाने मारलेली हाक म्हणजे इंटरप्ट; ती ऐकून धावणारा सेवक म्हणजे ड्रायव्हर. तो ड्रायव्हर शिष्याने लिहिलेला. घंटा नुकती निजू लागली असताना कोणी बटण दाबलं, तर हा ड्रायव्हर वीज काढून घेतलेल्या भागाला हात घाली आणि अख्खी घंटा गोठून जाई. यावर या शहाण्याने उपाय काय करावा? निजताना आलेली हाक सरळ टाकून द्यायची! घंटा गोठेना, नोंदीत दोष दिसेना. याला हल्ली दुरुस्ती म्हणतात!

"दोष गेला नाही. तू त्याचं तोंड दाबलंस," बाई कडाडल्या.

"नोंद कोरी आहे. पुरावा दाखवा."

बाईंनी कानातलं श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि डोळे मिटून स्वस्थ बसल्या. शिष्य आधी समजावू लागला, मग ओरडू लागला. घसा बसेपर्यंत ओरडला. मग बाईंनी सावकाश यंत्र कानात घातलं.

"काही म्हणालास का? माझ्याकडे नोंद नाही."

"अहो, घसा फोडून ओरडत होतो!"

"नोंद कोरी, म्हणजे हाक नाही. तुझंच शास्त्र."

"ही काय चेष्टा आहे? काढण्याआधी 'थांब' म्हणून सांगायचं तरी! परत घातल्यावर विचारायचं तरी, काय म्हणत होतास!"

"मग हेच लिही की, गाढवा! निजण्याआधी हातातली हाक पुरी कर. नव्या हाका कर्नलच्या स्वाधीन कर, आणि त्याला बजावून ठेव, हाक आली की मला उठव. वीज काढायची ती यानंतर. उठल्यावर आधी वीज, मग खोळंबलेली हाक. तू मात्र आधी वीज काढतोस, आणि वर हाक मारणाऱ्यालाच खोटं पाडतोस!"

शिष्य वरमला, पण बाहेर हॉर्न वाजला, तसा पुन्हा उसळला. "निमिषभराचा तर प्रश्न, बाई. नेमकं त्याच क्षणी बटण दाबणारा भेटणार कोण? आणि भेटलाच, तर जाईल की उठून परिचारिकेकडे."

बांधलेल्या पेटीची सुतळी त्याने सोडायला घेतली, ती बाईंच्या पुढच्या एका वाक्यावर:

"अरे, ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्याच उशाशी आपण ही घंटा ठेवतो."